मधलं रीळ

"सिनेमा बघणारे दोन प्रकारचे असतात," असं आमच्या फिल्म सोसायटीचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात म्हणायचे. एक प्रकार करमणुकीला जाणाऱ्यांचा आणि दुसरा आमचा. आमचा म्हणजे नेमका कसला, हे ते कधी सांगत नसत. नुसतं समोरच्या खुर्च्यांकडे बघून हसत, की खुर्च्यांवर बसलेले आम्हीही हसायचो. बाकी माणूस भला होता. कॉलेजात शिकवायचे, पदरमोड करून मुंबईहून सिनेमाच्या पेट्या मागवायचे. पण बोलायला उभे राहिले की घड्याळ काढून ठेवल्यासारखे बोलायचे, आणि त्या एका रविवारी त्यांना कुणीतरी खाली बसवायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला त्या सकाळचा संताप येतो. पण संतापाचं कारण सांगायचं तर आधी काकी सांगायला हवी.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. गाव मंगळवेढ्याकडचं. काका वारले तशी ती आमच्याकडे सोलापुरात राहायला आली. मूलबाळ नव्हतं. माझी आई तिला म्हणाली, "हितंच राहा गं, दोन खोल्या काय आन् चार काय, माणसं मावत्यात की." महिनाभरात काकी शेजारणीकडून विड्या वळायला शिकली. शेजारीण तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, तिचा नवरा मागावर जायचा. दोघी आपापली सुपं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायच्या. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. एकीचं मराठी मोडकं आणि दुसरीचं मंगळवेढ्याचं, तरी गप्पांना खंड म्हणून नसे. गप्पा कसल्या, तर सिनेमाच्या. कुणी कुणाला फसवलं, कोणत्या सासूचं पुढं काय झालं, हे इतक्या पोटतिडकीनं चालायचं की नवख्या माणसाला वाटावं, आळीतच काहीतरी घडलंय.

शुक्रवारी नवा खेळ लागला की दोघी तीनच्या शोला हजर. सुपं उचलून ठेवलेली, चूळ भरलेली, डोक्यावरून पदर. काकी थेटरात जाऊन मनसोक्त रडायची. परत यायची ती डोळे सुजलेले आणि चेहरा कसा मोकळा. मी त्या वेळी एका कचेरीत टायपिस्ट होते, चार बुकं शिकलेली, तेव्हा शहाणपणा शिकवणं आलंच. एकदा मी तिला म्हटलं, "काकी, हे सगळं खोटं असतं, एवढं कळतं ना तुला?"

"आगं बया!" ती म्हणाली. "मग काय खरं बगाया जाऊ व्हय थेटरात? खरं हितं सुपात हाय की ढीगभर. आन् पोरी, तितं रडलं तर कुनी इचारत न्हाय, का रडतीस म्हनून. हितं घरात डोळं पुसलं तरी तुजी आई जेवत न्हाय."

हे उत्तर आमच्या अध्यक्षांच्या दोन प्रकारांत कुठं बसवायचं, मला सुचलं नाही.

आणि मी तरी सोसायटीत कशाला जात होते? कलेसाठी, असं मी सगळ्यांना सांगायची. निम्म्या सिनेमांची भाषा कळायची नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत चित्र पुढं गेलेलं असायचं. खरं सांगू? तिथं माझ्या लग्नाचं कुणी विचारत नसे. सत्ताविशी उलटलेली मुलगी एकटी येऊन बसली, तर "वा, याही रसिक आहेत" एवढंच. आमच्यातले एक डॉक्टर दिवे गेले की घोरायचे आणि दिवे आले की "अप्रतिम!" म्हणायचे. काही जण दिसायला यायचे, काही बोलायला. जीव ओतून बघणारेही होते, नव्हते असं नाही. त्यांच्यामुळेच ते सिनेमे आमच्या गावापर्यंत आले आणि मी जगातलं काही बाही पाहिलं. पण खुर्चीवर बसण्यामागं प्रत्येकाचं आपापलं काहीतरी दुखणं होतं. ते भाषणात कधी आलं नाही.

आता काकांचं. दुष्काळाच्या सालात काका-काकी दोघंही गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. एक दिवस तिथं एक जीप आणि एक लॉरी येऊन थांबली. त्यातून झब्बेवाली, दाढीवाली पोरं उतरली. त्यांना दुष्काळावर सिनेमा काढायचा होता आणि त्यात नट नको होते, खरी माणसं हवी होती. खरी माणसं काय, त्या माळावर उन्हात हवी तेवढी बसली होती. दिग्दर्शकानं सगळ्यांना बजावलं, "रोजच्यासारखं काम करा. इकडं कॅमेऱ्याकडं अजिबात बघायचं नाही." मग त्यानं माझ्या काकांना निवडलं आणि रांजणापाशी जाऊन पाणी प्यायला सांगितलं.

पुढचं आम्ही काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पाठच झालं होतं. सोलापुरात आले की चहा व्हायच्या आधी सुरू. "वयनी, तांब्या द्या." आई हसत तांब्या द्यायची. काका मधोमध उभे राहायचे, ओंजळीत पाणी घेऊन गटागटा प्यायचे, पटक्याच्या टोकानं मिशा पुसायचे आणि मान वर करून थेट आमच्याकडं बघून हसायचे. "आन् हितं चुकलो मी! बगू नगा म्हनलं व्हतं, आन् नेमकं बगितलं की! त्यो एक पोरगा वरडला, कापा, कापा म्हनून. पर त्यो दाढीवाला म्हनला, आसू दे, ह्ये ठेवायचं. ह्येच पायजेल." मग आमच्याकडं बोट करून, "पिक्चर येऊ द्या सोलापुरात. समद्यास्नी म्होरं बसवून दावतो."

पिक्चर आला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात काकांना कावीळ झाली. गावातलं औषध झालं, झाडपाल्याचं झालं, शेवटी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं तोवर उशीर झाला होता.

त्यांचा फोटो नव्हता. एकही नाही. लग्नात फोटोवाला सांगितला होता, तो आलाच नाही, आणि पुढं "काढू की कवातरी" म्हणत राहिले. तेराव्याला पाटावर ठेवायला काही नाही म्हणून त्यांचा पटका घडी करून ठेवला. काकीनं तो पटका ट्रंकेत जपला होता. आमच्या भिंतीवर आजोबा होते, देव होते, कॅलेंडर होतं. काका नव्हते.

एका दुपारी विड्या वळता वळता काकीचे हात थांबले. मी जवळच बसले होते. ती हळूच म्हणाली, "पोरी, कुनाला बोलू नगंस. मला तेंचं तोंड इसराया लागलंय. नाक ध्यानात हाय, मिशा ध्यानात हायत्या. पर समदं मिळून तोंड येत न्हाय डोळ्याम्होरं. झोपताना लई येळ बगत बसती, येतच न्हाय." असं सांगताना तिला लाज वाटत होती, जणू नवऱ्याला विसरणं हा तिचाच गुन्हा होता. मला भडभडून आलं. मी तिच्या सुपातली पानं सारखी करत बसले.

आणि त्याच हिवाळ्यात सोसायटीच्या चिटणीसांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात एक वेगळा मराठी चित्रपट येतोय, दुष्काळावरचा, आपल्याच मंगळवेढा भागात चित्रित झालेला. त्याला कुठंसं बक्षीसही मिळालंय, पण थेटरवाले लावायला तयार नाहीत, म्हणून एकच खेळ होईल, रविवारी सकाळी. प्रत्येक सभासदाला एक पाहुणा आणता येईल.

मी धावत घरी आले. काकीला सांगितलं तेव्हा तिनं आधी विडीचा दोरा तोंडातून काढला. मग म्हणाली, "तेनी दिसत्याल?"

"दिसतील की. तो दाढीवाला ठेवायचं म्हणाला होता ना?"

"चालताना, हालताना?"

"हो गं. पाणी पिताना, हसताना."

आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. काकी उठली, आत गेली आणि ट्रंक उघडून बसली.

रविवारी ती पहाटेपासून तयार. ठेवणीतलं इरकल लुगडं नेसली. निघताना मी बघितलं तर पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेलं. विचारलं तर म्हणाली, "मीठ-मव्हऱ्या हायत्या. एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसनार, एवढी शिकलेली मानसं टक लावून बगनार. दिष्ट लागंल की." मेलेल्या माणसाला कसली दृष्ट, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं, गिळलं.

थेटर आमचं नेहमीचंच. शुक्रवारी काकी जिथं रडायची तेच. पण रविवारी सकाळी तिला ते ओळखू येईना. शेंगदाणेवाला नाही, पोरंसोरं नाहीत, शिट्टी नाही. सगळे हळू आवाजात बोलत होते. तिनं माझ्या कानात विचारलं, "कुनी वारलंय का गं?"

खेळ साडेनऊचा. पण कुणी पाहुणे यायचे होते, ते आले दहाच्या पुढं. मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. सिनेमा बघणारे दोन प्रकारचे असतात. एक असा, एक तसा. सामान्य प्रेक्षक वास्तवापासून पळ काढायला जातो आणि आपण वास्तवाला भिडायला येतो. हा सिनेमा गर्दीसाठी नाही. गर्दीला सोनेरी स्वप्न हवं असतं, तिला स्वतःचा चेहरा बघायची भीती वाटते. बोलतायत, बोलतायत. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, चिटणीसांनी घड्याळाकडं पाहिलं, पण यांचं आपलं चालूच. काकी मान पुढं काढून ऐकत होती. थोड्या वेळानं मला म्हणाली, "ह्ये बी पिक्चरमदलंच हायती का?"

मला हसू आवरेना. तेव्हा हसले मी. आता हसू येत नाही.

शेवटी दिवे गेले. पडद्यावर आमच्याकडचा माळ आला. तीच पांढुरकी वाट, तीच बाभळ. काकीनं माझं मनगट घट्ट धरलं. सिनेमा संथ होता, कुणी फार बोलत नव्हतं. विहिरीत उतरणारी बाई, रिकामी दावण. काकी एरवी अशा संथपणाला जांभया देणारी, पण तिची पापणी हलत नव्हती. पडद्यावर कुणी पटकेवाला दिसला की तिची बोटं रुतायची आणि तो नाही म्हटल्यावर सैल पडायची. मग गावातली माणसं हातोडे, पाट्या घेऊन कामाच्या जागेकडं निघाली. उन्हात लांबच लांब रांग. "आता," काकी पुटपुटली. "आता आमचं काम."

आणि पुढच्या क्षणी पडद्यावर एसटी बस होती. माणसं बोचकी घेऊन बसमध्ये चढत होती. गाव सुटत होतं, धूळ उडत होती. आणखी थोडा वेळ शहरातलं काहीबाही झालं आणि सिनेमा संपला.

दिवे आले. काकी पडद्याकडंच बघत होती. "आजून हाय ना गं?" तिनं विचारलं. "आमची बारी आलीच न्हाय."

मलाही काही कळेना. बाहेर पटांगणात नेहमीसारखा घोळका जमला होता, चर्चा सुरू होती. डॉक्टर म्हणाले, "अप्रतिम!" आणखी एक जण म्हणाले, "ती झेप पाहिलीत? माणसं कामावर निघतात आणि एकदम गाव सोडतात! मधलं सगळं त्यानं आपल्यावर सोपवलं. केवढा विश्वास हा प्रेक्षकावर!" सगळ्यांनी माना हलवल्या. मी काकीला घेऊन अध्यक्षांकडं गेले आणि सांगितलं, की माझे काका यात होते, खडी फोडण्याच्या जागेवर, पण ते काही दिसलं नाही. अध्यक्षांना खरोखर वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. काकीकडं वळून ते हळुवारपणे म्हणाले, "बाई, असं होतं. खूप चित्रण करतात आणि मग संकलनात कापतात. दिग्दर्शकाला ते नको वाटलं असेल."

"कापलं?" काकी म्हणाली.

"हो. सिनेमाला गरज नसेल."

"का वो? तेनी काय वंगाळ केलं व्हतं?"

अध्यक्ष "नाही, तसं नाही" म्हणेपर्यंत कुणीतरी त्यांना पाहुण्यांकडं ओढून नेलं. फाटकावर बाराच्या खेळाची गर्दी आत घुसायला बघत होती. आम्ही त्या गर्दीतून वाट काढत घरी आलो.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "दिसलं का भावजी?" काकीनं नाही म्हणून मान हलवली आणि चुलीपाशी जाऊन पदराची गाठ सोडली. मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकल्या. मोहरी तडतडली. आई भिंतीला टेकून रडायला लागली. काकी मात्र कोरडी होती, आणि म्हणूनच माझा जीव जास्त कासावीस झाला. "बगितलं तेनी कॅमेऱ्याकडं," ती म्हणाली. "बगू नगा म्हनलं व्हतं, बगितलं. म्हनून कापलं आसंल."

त्यानंतर तिनं सिनेमाला जाणं सोडलं. शेजारीण शुक्रवारी हाक मारायची, ही मान हलवायची. उंबऱ्यातल्या गप्पाही आटल्या. आई म्हणायची, "तू कशाला नेलंस गं तिला?" मी काय सांगणार? माझा स्वतःचाही त्या संकलनावर विश्वास बसला होता. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं, शांतपणे, नीट मराठीत. खोटं कशाला असेल?

असे दीड-दोन महिने गेले. मग एका शुक्रवारी नवा हिंदी सिनेमा लागला. त्याची गाणी हॉटेलाहॉटेलात वाजत होती. शेजारीण हट्टालाच पेटली. काकीचं सूप तिनं ओढून घेतलं. "उठ अक्का. किती दिवस असं बसायचं बसतीस? नाय आलीस तर मी पण नाय बोलायचं तुझ्याशी." आईनंही मला डोळ्यांनी खुणावलं, "तूबी जा." कचेरीला अर्धा दिवस दांडी मारून मी गेले. तेच थेटर, तीनचा खेळ, बायकांच्या बाजूला आम्ही तिघी.

पहिल्याच दिवशी खेळ उशिरा सुरू झाला. पुढच्या खेळाचे लोक बाहेर फाटकाला धडका देत होते, आतपर्यंत ऐकू येत होतं. मध्यंतर झालं, सिनेमा पुढं सरकला. नायिका पाऊस बघायला खिडकीपाशी गेली आणि एकदम दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच साडीत कुणाच्या तरी लग्नात उभी राहिली. ते गाजलेलं गाणं, ज्याच्यासाठी निम्मं थेटर आलं होतं, गायब.

आणि काय सांगू तुम्हाला! थेटर उठलं. शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्यांच्या फळ्यांची धडाधड. "गाणं कुठाय बे!" "ए ऑपरेटर, झोपलास का बे?" कुणी दखनीत ओरडलं, "रील खा गया रे!" बाराच्या खेळाला बघून पुन्हा तीनला येऊन बसलेले महाभाग उभे राहून शपथेवर सांगत होते, की गाणं आहे, आम्ही बघितलंय. काकी गोंधळून इकडंतिकडं बघायला लागली. "काय झालं गं?"

शेजारीण हसत म्हणाली, "काय नाय अक्का, रीळ उडवलं. उशीर झाला की हे लोक मधलं एक रीळ लावतच नाय. टाइम वाचवतात. आपण गप बसलं तर गप खातात. वरडलं की लावतात."

"उडवत्यात?" काकी म्हणाली. "पेटीत आसून?"

"मग! पेटीत असतं, लावत नाय."

काकीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडाकडं बघूनच माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लख्ख झाली. उशिरा आलेले पाहुणे. ते न संपणारं भाषण. फाटकावरची बाराची गर्दी. माणसं हातोडे घेऊन निघाली आणि धाडकन एसटी. झेप म्हणे! अरे कसली झेप आणि कसला विश्वास! एवढ्या जाणकारांत एकाला, एकालाही वाटलं नाही की ओरडावं.

"त्या दिशी बी..." काकी म्हणाली, आणि उठून उभी राहिली. चार माणसांत कधी आवाज न चढवणारी ही बाई, पदर डोक्यावरून घसरलेला, खुर्चीच्या पाठीला धरून गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "दावा की! रीळ दावा! आमचं कारभारी हायती त्यात! दावा की वो, आमचं कारभारी हायती!"

पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली, एक जण हसला. त्याला वाटलं असेल, ही बाई हिरोलाच नवरा म्हणतेय. शेजारणीनं तिला खाली ओढायला हात घातला, मी तो हात बाजूला केला. मला वाटत होतं, ओरडू दे, आणखी ओरडू दे. त्या रविवारी ओरडायला हवं होतं, तेवढं सगळं ओरडून घेऊ दे.

पडदा काळा झाला. दोन मिनिटांनी नायिका पुन्हा खिडकीपाशी आली, पाऊस पडायला लागला, गाणं सुरू झालं. थेटर खाली बसलं आणि सुरात सूर मिसळून गायला लागलं. काकी बसली नाही. तिनं माझा हात धरला आणि आम्ही बाहेर येऊन ऑपरेटरच्या खोलीचा जिना चढलो.

दार उघडंच होतं. आत भट्टीची धग. बनियनवर असलेला एक उतारवयाचा माणूस यंत्रापाशी उभा होता. मी त्याला त्या रविवारचं विचारलं.

"ते सोसायटीचं? होय, उडवलं होतं की एक रीळ," तो सहज म्हणाला. "खालून मॅनेजरची घंटी आली. बाराचा खेळ उभा होता. निम्मी सकाळ भाषणानंच खाल्ली, मी तरी काय करू ताई?"

"पण कुणी काही बोललं कसं नाही?"

"तेच की. आम्ही वाट बघितली, कोण वरडतंय का म्हणून. वरडले असते तर लावलं असतं. तुमचं पब्लिक लई शांत."

"पेटी कुठाय?"

"ती त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेली."

पुढं मी मुंबईला पत्रं पाठवली, अध्यक्षांनीही पाठवली. हे कळल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही. पेटी अमक्याकडं आहे, तमक्याकडं आहे, असं करत करत शेवटी उत्तरं यायची बंद झाली. तो दिग्दर्शक म्हणे हा धंदाच सोडून गेला. तो सिनेमा सोलापुरात पुन्हा आला नाही, आणि मी जिथं जिथं विचारलं तिथं कुणी पाहिलेलाही मला भेटला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी त्या खोलीत काकी पुढं झाली.

"तुमी बगितलं का वो ते रीळ?" तिनं विचारलं.

"आदल्या दिवशी तपासताना बघितलं असणार काकू. जोड सुटलेत का, ते बघावं लागतं सगळं."

"त्यात खडीवरची मानसं हायती. त्यात एक जन रांजनापाशी पानी पितो. पटका हाय. मिशा हायत्या." ती थांबली. "दिसलं का तेनी तुमास्नी?"

तो माणूस ओशाळला. "काकू, दिवसाला किती तोंडं जातात डोळ्यांपुढनं. ध्यानात कुठं..." एवढं बोलून त्यानं काकीकडं नीट बघितलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बनियनला हात पुसले. खालून गाणं ऐकू येत होतं, सगळं थेटर गात होतं.

"होते," तो म्हणाला. "होते की. पाणी पिऊन इकडं बघितलं त्यांनी."

"हासत व्हते?"

"हासत होते. लई छान हासत होते."

खरं बोलला की खोटं, मला आजतागायत ठाऊक नाही. काकीनंही पुढं कधी त्यावर चर्चा केली नाही. त्या वेळी तिनं फक्त दोन्ही हात वर केले, त्या परक्या माणसाच्या डोळ्यांवरून ओवाळून घेतले, आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.